विज्ञानकथेला खडूस समीक्षक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला मराठी विज्ञानकथेवरचा लेख वाचला. लेखक आहेत, विषय आहेत, तरी वाचक का वाढत नाही, असा त्याचा सूर. मला खोट दुसरीकडे दिसते. आपल्या विज्ञानकथेला स्पर्धा मिळाल्या, दिवाळी अंकांत जागा मिळाली, पण तिचे वाभाडे काढणारा समीक्षक मिळाला नाही. त्याच्या पसंतीवर भरवसा ठेवून पदरमोड करणारा छोटा प्रकाशकही नाही.

मेलबर्नच्या ब्रूस गिलेस्पी यांनी ही दोन्ही कामे केली. जन्म १९४७ चा. थोडा काळ शिक्षकी, पुढे संपादनाची कामे, असे पोटापाण्याचे चालले होते. १९६९ मध्ये त्यांनी ‘एसएफ कॉमेंटरी’ नावाचे अनियतकालिक काढले. स्टेन्सिलवर टाइप करायचे, डुप्लिकेटरवर पाने काढायची, टाचून पोस्टात टाकायची. अमेरिकन विज्ञानकथाकार फिलिप के. डिक याला बाजारू लेखक समजत होते त्या काळात गिलेस्पींनी त्याच्यावर लांबलचक लेख लिहिले. पोलंडचा विज्ञानकथाकार स्तानिस्लाव लेम याचे बोचरे निबंध इंग्रजीत छापले. जॉर्ज टर्नरसारखा परीक्षक तर भल्याभल्यांना सोडत नसे. रागावलेल्या लेखकांची पत्रेही अंकात यायची, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९७५ मध्ये मित्रांच्या साथीने त्यांनी नॉर्स्ट्रिलिया प्रेस सुरू केली. दहाएक वर्षे टिकली, पुस्तके मोजकी. पण ऑस्ट्रेलियन लेखक जेराल्ड मर्नेनची ‘द प्लेन्स’ ही कादंबरी १९८२ मध्ये पहिल्यांदा छापली ती यांनीच, आणि पुढे जगभर गाजलेल्या ग्रेग ईगनची पहिली कादंबरीही १९८३ मध्ये यांचीच. मोठ्या प्रकाशकांचे लक्ष जाण्याआधी ही माणसे यांना दिसली, कारण वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे लिखाण बारकाईने वाचून नजर तयार झाली होती. प्रेस थांबली, तरी अनियतकालिकाने पन्नाशी ओलांडली.

खानदेशाला हे परके वाटू नये. साठच्या दशकातल्या ‘वाचा’ या अनियतकालिकामागे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे होते. त्या पिढीच्या लघुनियतकालिकांनी कवितेला नवा वाचक दिला. विज्ञानकथेची झाडाझडती मात्र त्यांतल्या कोणी घेतली नाही. नेमाड्यांनी कथेलाच क्षुद्र ठरवले, मग विज्ञानकथेची काय बिशाद!

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. परीक्षकांनी नावाकडे न बघता कथा वाचावी एवढीच इच्छा. आज आपल्याकडे परीक्षणे येतात ती नेमकी नाव बघून. उरलेली, दहावीचा पेपर तपासावा तशी, विज्ञान बरोबर की चूक एवढेच सांगतात. वाक्य कसे आहे, माणसे जिवंत आहेत का, याचा पत्ताच नाही.

म्हणूनच अजून कथेत मुंबईची प्रयोगशाळा, एक डॉक्टरसाहेब आणि त्यांना सोयीचे प्रश्न विचारणारा सहायक. इकडे रावेर-यावलच्या शिवारात टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, केळी उभी आहे, एकसारख्या रोपांच्या रांगाच्या रांगा. त्यावर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की शेतकरी उभी बाग उपटतो. दीपनगरच्या वीज केंद्राची चिमणी आहे, हतनूर धरणाचा गाळ आहे, मे महिन्यातले ४५ अंश आहेत. याहून वेगळा परग्रह कशाला शोधायचा? पण चोपड्याच्या एखाद्या पोराने यावर कथा लिहिलीच, तर ‘पहिली चार पाने फाडून टाक, पाचव्यापासून कथा सुरू होते’ असे त्याला सांगणारे कोण आहे? स्वखर्चाने पुस्तक काढेल, प्रकाशनाला शाल-श्रीफळ होईल आणि प्रती घरी पलंगाखाली राहतील.

तेव्हा विनंती अशी, की आपल्या खानदेश आवृत्तीत महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ विज्ञानकथेच्या परीक्षणाला द्यावा. मानधन नसले तरी चालेल. लिहिणारा लेखकाचा मित्र, नातलग किंवा प्रस्तावनाकार नसावा, एवढी अट घाला. परीक्षणावर लेखकाचे उत्तर आले तर तेही काटछाट न करता छापा. काही जण दुखावतील आणि पुढचे पुस्तक आपल्याकडे अभिप्रायाला पाठवणार नाहीत. तेवढे सोसावे लागेल.

आपला,
एक वाचक, भुसावळ