सुवॉनीवर ‘वेग कमी करा’ सांगणाऱ्यांना अनावृत पत्र

फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशनच्या (अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या मासे व वन्यजीव संरक्षण आयोगाच्या), सुवॉनी नदीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि जीवशास्त्रज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

पाण्याबाहेर उसळणारा स्टर्जन मासा बोटीतल्या माणसांवर चाल करून येतो, हा समज तुम्ही वर्षानुवर्षे खोडून काढत आहात. आभार मानायचे ते आधी याचेच. समज चुकला की उपायही चुकतो. मासा हल्ला करतो असे वाटणारा माणूस मोटर जोरात रेटून त्या टापूतून निसटू पाहतो, आणि धोका वाढतो तो नेमका तेव्हाच.

या नदीतला स्टर्जन, म्हणजे गल्फ स्टर्जन, आठ फुटांपर्यंत वाढतो, वजन 200 पौंडांपर्यंत जाते आणि उसळी पाण्यावर सात फुटांच्याही वर पोचते. अंगावर हाडासारख्या टणक, धारदार कडांच्या चकत्यांच्या पाच रांगा असतात. वसंतात हे मासे मेक्सिकोच्या आखातातून नदीत चढतात, थंडीच्या तोंडावर परततात. मधल्या काळात ते खोल डोहांत गोळा होतात. बोटींची गर्दीही त्याच महिन्यांत आणि त्याच पाण्यावर असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी पात्र आटते, मासे आणि बोटी एकाच अरुंद पट्ट्यात येतात आणि टकरी वाढतात.

मासा उसळतो कशासाठी? पोटातली हवेची पिशवी भरून घेण्यासाठी तो वर येऊन हवा गिळतो, हे आज सर्वांत पटणारे कारण आहे. उसळीच्या आवाजाने मासे एकमेकांशी संपर्क ठेवत असावेत, असेही मानतात. दोन्हींचा बोटीशी संबंध नाही. इलिनॉय नदीतल्या सिल्व्हर कार्प माशाची गोष्ट वेगळी आहे. तो मोटरच्या आवाजाने बिथरून तीन मीटरपर्यंत उडतो, कधी एकदम झुंडीने. दोघांना एकाच मापाने मोजू नये, म्हणून हा फरक इथे लिहिला.

आता तुमच्या ‘वेग कमी करा’मागचा हिशेब. फलकावर तो मावत नाही, पण तो समजला की सूचना पाळाविशी वाटते. दोन मीटर उसळलेला मासा हवेत सव्वा सेकंदाच्या आसपास असतो. ताशी 48 किलोमीटरने जाणारी बोट तेवढ्यात सुमारे 17 मीटर पुढे जाते. मासा दिसून, सुकाणूचे चक्र फिरवून, बोट वळेपर्यंत टक्कर होऊन गेलेली असते. त्या वेगाने माशावर आदळणे म्हणजे जवळपास नऊ मीटर उंचीवरून पडणे. ताशी दहा किलोमीटरने गेलो, तर तेच पडणे चाळीस सेंटिमीटरवर येते. वेग निम्मा केला की आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ही तफावत भरून निघत नाही.

बोटीच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, बसू नका, हे तुमचे दुसरे सांगणे. तिथे बसलेल्याच्या पुढे ना काच असते ना कठडा, आणि लहान मुलांना नेमकी तीच जागा आवडते. 2015च्या जुलैत याच नदीवर उसळलेला स्टर्जन लागून एक लहान मुलगी दगावली. त्यानंतरही ही सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागते, याचे वाईट वाटते. 26 फुटांहून लहान बोट चालू असताना सहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणे फ्लोरिडात बंधनकारक आहे. आमच्या मते या नदीवर ते मोठ्यांनीही अंगातून काढू नये. डोक्याला मार बसून बेशुद्ध झालेला माणूस पाण्यात पडला, तर पोहता येण्याचा काही उपयोग नसतो.

मार बसलाच तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. आधी इंजिन बंद. सगळे आहेत का, ते मोजा. कोणी पाण्यात असेल तर आधी त्याला गाठा. डोक्याला किंवा मानेला लागलेल्याला बसते करू नका, मान हलू देऊ नका, श्वास मोकळा आहे ना ते पाहा आणि 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून बोटी पाण्यात उतरवायच्या जवळच्या जागेचे नाव सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा, कापड उचलून पुन्हा पुन्हा पाहू नका. थोड्या वेळाने उलट्या, गोंधळलेले बोलणे किंवा गुंगी दिसली, तर वरवर बरा वाटणारा माणूसही तातडीने रुग्णालयात न्यावा. चकत्यांनी झालेली जखम नदीच्या पाण्यात भिजलेली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या पाण्यातले जंतू वेगळे असतात, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही प्रश्न असतो. मासा बोटीत पडला असेल तर माणसे दूर करा आणि पोटाखाली आधार देऊन त्याला पाण्यात सोडा. 1991पासून तो संरक्षित आहे, ठेवून घेता येत नाही.

2006पासून तुम्ही या अपघातांची नोंद ठेवत आहात. कुठे आणि कोणत्या दिवसांत टकरी होतात, हे त्यामुळेच आज सांगता येते. त्याचे आभार वेगळे मानतो.

एक विनंती आहे. चालकालाच मासा लागला, तर बोट मोकाट सुटते. इंजिन बंद पाडणारी सुरक्षा-दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असेल, तर ती ओढली जाऊन इंजिन बंद पडते. एप्रिल 2021पासून 26 फुटांखालच्या, ही सोय असलेल्या बोटींवर वेगात जाताना ती वापरण्याचा केंद्रीय नियमही आहे. तरी कित्येक बोटींत ती चक्राशेजारी नुसती लटकत असते. स्टर्जनच्या फलकावर उसळत्या माशाच्या चित्राखाली त्या दोरीचेही चित्र द्याल का?

आपले आभारी,
सुवॉनीवरचे बोटवाले