फळांचा रस गाळू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोट साफ राहण्यासाठी फळांच्या रसाच्या कृती आल्या आहेत. जवळपास प्रत्येक कृतीत रस गाळून घ्यायला सांगितलंय. शिवाजी पेठेत माझं औषधांचं दुकान आहे आणि पोट साफ न होणं हा माझ्या रोजच्या गल्ल्याचा विषय, म्हणून लिहितोय.

सोमवारी सकाळी शटर वर करतानाच दोघं-तिघं उभे असतात. आदल्या दिवशी तांबडा-पांढरा मनसोक्त झालेला. "मामा, जरा जोरातलं चूर्ण द्या, पोट गच्च हाय." मटणात तंतू (फायबर) नसतोच, मग रस्सा कितीही भुरका.

फळातला तंतू आपले पाचकरस पचवू शकत नाहीत. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. सालीतला चरबरीत भाग मळाला आकार देऊन पुढं ढकलतो. पेक्टिनसारखा विरघळणारा भाग तिथले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच जगतात. गाळणीत उरलेला चोथा आपण फेकतो तेव्हा या जिवाणूंच्या तोंडचा घास काढून घेतो.

इसबगोल मीही विकतो. पाणी धरून फुगतो, मळ मऊ करतो, काम चोख. पण जिवाणूंना त्यात आंबवण्यासारखं फारसं काही मिळत नाही. पेरूची बरोबरी त्या डब्याला जमत नाही. (हे आमच्या एजंटनं वाचलं तर माझी काही खैर नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितला आहे. १०० ग्रॅम पेरूत तो ५ ग्रॅमच्या आसपास असतो, संत्र्याच्या गाळलेल्या पेलाभर रसात ग्रॅमभरही नाही. तरी रंकाळ्यावर पेरूच्या गाडीपाशी तिखट-मीठ लावून घेताना "बिया काढून द्या" म्हणणारे महाभाग दिसतात. त्यापेक्षा उन्हाळ्यात राधानगरी, शाहूवाडीकडच्या बायका पाटीत करवंदं आणतात ती बरी. ओठांना चीक लागतो, पण साल सोलायचा प्रश्नच येत नाही.

मात्र सवय नसताना एकदम अर्धा किलो पेरू हाणू नयेत. जिवाणू आंबवणार म्हणजे वायू होणारच, पोट फुगणारच. हळूहळू वाढवावं, पाणी भरपूर प्यावं. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी विचारून घ्यावं. मळातून रक्त जातंय किंवा काही कारण नसताना वजन उतरतंय असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चूर्ण देत नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवतो. पुढच्या पुरवणीत तेवढी एक चौकट छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक औषधविक्रेता, शिवाजी पेठ, कोल्हापूर