बाबा, तो पेपर म्हणजे औषध नव्हे

ती. आई-बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई मध्येच फोन ओढते, बाबा ‘जेवलीस का’ विचारतात आणि मूळ विषय राहतोच. म्हणून लिहितेय.

दादाकडून कळलं, बाबांनी माझा संशोधनाचा पेपर गोखले रोडवर छापून घेतला, पहिलं पान लॅमिनेट केलं आणि तलावपाळीच्या सकाळच्या मंडळींत फिरवला. खूप हसले. मग पुढचं ऐकलं आणि पोटात गोळा आला. ‘पोरीने अटॅकवर उपाय शोधलाय’ म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी पंधरा दिवस बंद? बाबा!

पेपरात काय आहे ते मीच सांगते. अटॅकमध्ये रक्त अडतं, पेशी गुदमरतात. स्टेंट टाकून रक्त सुरू झालं की बऱ्याच वाचतात, पण त्या परत आलेल्या रक्ताच्या लोंढ्यानेही काही मरतात. आई, लंघनानंतर एकदम पुरणपोळी वाढावी ना, तसं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे तिच्या चुलीच्या, पापुद्र्याला भोक पडतं आणि पेशी संपते. ते भोक कधी उघडतं, एवढंच मी पाहिलं. तेही बशीत वाढवलेल्या हृदयाच्या पेशींत. उंदरापर्यंतसुद्धा गेलेले नाही, आणि उंदरात जमलं तरी माणसात जमतंच असं नाही. हेच भोक मिटून ठेवणारं सायक्लोस्पोरिन नावाचं औषध प्राण्यांत छान चाललं होतं, २०१५ साली ९७० रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा काही फायदा दिसला नाही.

हृदयाच्या पेशी नव्याने येतात का, हे इथल्याच, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये मोजलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन पेशींत किती उतरला, त्यावरून त्यांचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शेकडा एक पेशी नवी, पंचाहत्तरीत अर्धीही नाही. झेब्रामाशाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो भरून काढतो. तुम्ही झेब्रामासा नाही. आहेत त्याच पेशी सांभाळायच्यात, आणि ते काम सध्या तुमच्या गोळ्या करतात, माझा पेपर नाही.

आता दुसरं. मी इथे अजून दोन वर्षं थांबतेय. सही करून झाली. विचारायला हवं होतं, माहितीये. पण या पेशी नीट वाढवून घ्यायलाच महिने जातात, अर्धवट सोडलं तर कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून करणार. शिवाय दोन वर्षं म्हणजे खरं तर बावीस महिने, त्यातला दिवाळीचा महिना मी तिकडेच. चिपळूणच्या जागेचं मी विसरलेले नाही, त्याचे पैसे बाजूला पडतायत. खोली उबदार आहे, तांदूळ मिळतो, मेतकूट अर्धी बरणी उरलंय. आई, मी मोजे घालते. दोन-दोन.

एक सांगायचं राहिलं होतं. बशीतल्या पेशी पहिल्यांदा धडधडल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते. आधी वाटलं, टेबल हललं. मग दिसलं, तिळाएवढा ठिपका आपला आपण आकसतोय, सैल होतोय. ठोके मोजायला बाबांचं एचएमटी काढलं. मिनिटाला चाळीसेक. लहानपणी झोप येत नसली की बाबा हेच घड्याळ माझ्या कानाला लावायचे ना? रात्रीचे दोन वाजले होते तुमच्याकडे, नाहीतर तेव्हाच उठवलं असतं.

तर आता ऐका. कोलेस्टेरॉलची गोळी आजपासून सुरू, आणि मध्ये बंद केली होती हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायचं, आईला पुढे करायचं नाही. ॲस्पिरिन कुणाच्याही सांगण्यावरून सोडायची नाही, माझ्यासुद्धा. टू डी इको राहिलाय, दादा रजा काढून येईल. छातीत भरून आलं तर ‘गॅस असेल’ म्हणत बसायचं नाही. गणपतीतली ती रात्र मला पुन्हा फोनवर ऐकायची नाही. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा, तीही मध्यम. आई, तू गुडघ्यांचं तेल लावतेस की नुसतं आणून ठेवलंयस?

रागावले नाही हं, बाबा. ते लॅमिनेट केलेलं पान टाकू नका. मागच्या कोऱ्या बाजूवर गोळ्यांच्या वेळा चिकटवा आणि फ्रिजवर लावा. आईला दिसेल असं.

तुमची,
मनू