पैसे ग्राइंडरवर घाल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं ते इटालियन भांडं, घ्यायचं ठरवलंस, फार छान केलंस. पण पुढे तू लिहिलं आहेस, ‘बिया दळायला मिक्सरचं चटणीचं भांडं आहेच.’ त्या एका ओळीसाठी हे लांबलचक पत्र. पॉट साधा घे, चालेल. जे काही पैसे बाजूला काढले असशील त्यातले जास्त ग्राइंडरवर घाल.

मिक्सरचं पातं कॉफीचं बी दळत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच भांड्यात अगदी बारीक भुकटी आणि अर्धवट फुटलेले तुकडे असं दोन्ही मिळतं. पाणी गेलं की भुकटीतून कडूपणा लवकर उतरतो, तुकड्यांतून मात्र पुरता अर्क निघत नाही आणि आंबटपणा पुढे येतो. कपात दोन्ही एकत्र आले की दोष बियांना दिला जातो. शिवाय भुकटी गाळणीच्या भोकांत अडकते आणि पाण्याची वाट अडते. बर ग्राइंडरमध्ये दातेरी शंकू आणि त्याच्याभोवतीचं दातेरी कडं (यांनाच ‘बर’ म्हणतात) यांच्या फटीतून बी खाली येतं. फट आपण ठरवायची; भरड तुकडा त्यातून निसटत नाही. दळ पूर्ण एकसारखा कुठल्याच यंत्रात होत नाही, पण मिक्सरशी याची तुलनाच नको.

माझं मत विचारशील तर हाताने फिरवायचा, स्टीलच्या बरचा घे. त्याच किमतीच्या इलेक्ट्रिकमध्ये बराच पैसा मोटरवर जातो आणि बर सुमार निघतात. तुला एका वेळी पंधरा-सोळा ग्रॅम दळायचंय, मिनिटभराचं काम. टाइममोर कंपनीचा सी2 हा हाताने फिरवायचा ग्राइंडर बघ, त्यात 38 मिलिमीटरचे स्टीलचे बर आहेत. मोका पॉटला पुरेसा आहे. दुसरा कुठला आवडला तर विकत घेण्याआधी मधला दांडा हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर दळ एकसारखा येणार नाही, मग वरून कितीही देखणा असो. फट कमी-जास्त करताना टक्-टक् असे टप्पे लागले पाहिजेत, म्हणजे कालची जागा आज पुन्हा सापडते. आणि सहज उघडता आला पाहिजे. आतून ब्रशने साफ कर, पाणी लावू नकोस, आणि त्यात मिरी-धणे कुणालाही दळू देऊ नकोस. तो वास जाता जात नाही.

एस्प्रेसोवाले महागडे ग्राइंडर सुचवतील, तिकडे जाऊ नकोस. एस्प्रेसो यंत्रात साधारण 9 बार दाबाने पाणी ढकललं जातं, तिथे दळातला केसभर फरकही जाणवतो. मोका पॉटमध्ये दाब जेमतेम दीड-दोन बार. त्याला एस्प्रेसोइतकी बारीक पूड सोसतच नाही. बारीक रव्याच्या जवळपास दळ आणि तिथून चवीप्रमाणे एकेक टप्पा हल: कडू लागली तर जाड, पाणचट किंवा आंबट लागली तर बारीक.

आता करायची कशी. खालच्या भांड्यात सेफ्टी व्हॉल्व्हच्या जरा खालपर्यंत पाणी, आणि ते गरमच घाल, म्हणजे पूड तापलेल्या धातूवर फार वेळ राहत नाही. त्यावर गाळणी बसव, पुडीने काठोकाठ भर, बोटाने सारखी कर, पण दाबू नकोस. खालचं भांडं फडक्यात धरून वरचं भांडं त्यावर घट्ट आवळ, झाकण उघडं ठेव आणि गॅसच्या लहान बर्नरवर मंद आच ठेव. छोटा पॉट बर्नरच्या दांड्यांमध्ये कलंडतो, म्हणून खाली एक जाळी घे. हळूहळू गडद कॉफी वर येऊ लागेल. रंग फिकट पिवळसर झाला आणि खळखळ सुरू होतेय असं वाटलं की लगेच उतरव आणि बूड नळाखाली धर. खळखळ म्हणजे खालचं पाणी संपत आलं आणि आता वाफ पुडीतून घुसतेय. तिथून पुढे सगळा कडूपणाच.

हे यंत्र इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीने 1933 मध्ये आणलं, ते अष्टकोनी अॅल्युमिनियमचं. घरोघरी पोहोचवलं त्याच्या मुलाने, रेनातोने. 2016 मध्ये रेनातो गेला तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका पॉटमध्येच ठेवल्या होत्या. मला हे फार भिडतं. एवढं साधं भांडं, आणि त्याचा आकार आजही जवळपास तोच आहे.

तुझ्याकडे इंडक्शन आहे का? असेल तर अॅल्युमिनियमचा त्यावर तापणार नाही, स्टीलचा घ्यावा लागेल. अॅल्युमिनियमचा घेतलास तर डिशवॉशरमध्ये टाकू नको, काळा पडतो. नुसत्या पाण्याने धू, कोरडा करून उघडाच ठेव. रबरी रिंग कडक झाली की बदल.

बिया चिकमगळूरच्या घे, अरेबिका जातीच्या, ‘वॉश्ड’ म्हणजे गर धुऊन काढून वाळवलेल्या, मध्यम भाजलेल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड यात नको.

तीन कपांचा पॉट म्हणजे इटालियन छोटे कप. आपल्या सवयीने दूध घालून प्यायची तर तेवढ्यात दोघांचं भागतं. घरी सकाळी किती जण पिणार आहेत ते लगेच कळव. पॉट नेहमी पूर्ण भरूनच करायचा असतो, म्हणून आकार आधी ठरवलेला बरा.

तुझा,
अनिल