माकडतापाची लस : जुनी बंद, नवी कधी?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबर सरला की दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत, तसेच शेजारच्या गोव्यातील सत्तरीत, रानात मेलेले माकड सापडल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यापाठोपाठ गोचिडांच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण निघतात. मग फवारणी होते, अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या वाटल्या जातात आणि ‘रानात जाऊ नका’ असे फलक लागतात. जूनमध्ये पाऊस पडला की सगळे शांत होते. या धावपळीत एक गोष्ट मात्र मागे पडली आहे. या रोगावर जी एकमेव लस होती, ती 2022 च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. तिची ताकद अपुरी पडते, असे आढळल्याने तिचा वापर थांबवण्यात आला. तो निर्णय योग्यच होता, पण तिची जागा घेणारी लस अजून आमच्या आरोग्य केंद्रात आलेली नाही.

मी दोडामार्ग तालुक्यातला लहान काजू बागायतदार आहे. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला माझ्यासारख्याने कसा पाळायचा, हे सल्ला देणाऱ्यांनी एकदा बागेत येऊन पाहावे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. बोंडू झाडावरून काढायचे नसतात. पिकून खाली पडलेले वाकून वेचायचे, पिळून बी वेगळी करायची आणि हे सगळे घोटाभर पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांत, बसून करायचे. याच दिवसांत बायका तरव्याच्या भाजावळीसाठी (भाताची रोपे करायची जमीन भाजण्यासाठी) पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणतात. गोचिडाची पिल्ले नेमकी त्याच पातेऱ्यात असतात आणि माणसाला रोग देतात ती बहुतेक वेळा ही पिल्लेच. तिळापेक्षाही लहान असल्याने ती दिसत नाहीत. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी खाज सुटली म्हणून पाहावे, तर पोटरीवर काळा ठिपका चिकटलेला असतो. तेल घामाने तासाभरात उतरते. थोडक्यात, रोगाचा हंगाम आणि आमच्या पोटापाण्याचा हंगाम एकच आहे, आणि म्हणून आमच्यासाठी लस ही इतर उपायांना जोड नसून मुख्य उपाय आहे.

हा रोग प्रथम 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाजवळ ओळखला गेला. तिकडे त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, म्हणतात. माकडे एकामागोमाग मरत असल्याने सुरुवातीला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती शास्त्रज्ञांना वाटली होती. शोध लावला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 मध्ये सुरू केलेली ही संस्था पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. म्हणजे रोग ओळखणारी संस्था महाराष्ट्रातली आहे, आणि आता रोगही महाराष्ट्रात आहे.

नवा विषाणू रशियात आढळणाऱ्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. म्हणून त्या रोगावरची, उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवून केलेली लस आधी इकडच्या लोकांना देऊन पाहिली गेली. ती उपयोगी ठरली नाही. नातलग विषाणूची लस चालेलच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत हाच विषाणू वाढवून आणि फॉर्मॅलिनने तो निष्क्रिय करून स्वतंत्र लस तयार झाली, आणि 1990 पासून कर्नाटकात तिचा नियमित वापर सुरू झाला. आपल्याकडे रोगाचा मोठा उद्रेक 2016 च्या सुमारास झाल्यावर लस तिकडूनच मागवली गेली.

ती लस मीही घेतली आहे. सुई टोचल्यावर दंड दोन दिवस ठणकत होता, तो इतका की वाडीतल्या निम्म्या लोकांनी दुसऱ्या मात्रेला तोंडच दाखवले नाही. दोन मात्रांमध्ये महिन्याचे अंतर, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि त्यानंतर दरवर्षी एक, असे तिचे वेळापत्रक होते. नोव्हेंबरात पहिली घेतली, तर तिसरी ऐन लावणीत येते. चिखलातून पाय काढून कोण केंद्रावर जाणार? मीही गेलो नाही, हे कबूल करतो.

त्या चुकीची किंमत मला नंतर कळली. कर्नाटकातील 2005 ते 2010 या काळातील माहितीवर आधारलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका मात्रेचा काहीच उपयोग दिसला नाही. दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के संरक्षण मिळाले आणि तिसरी घेतल्यावर ते सुमारे 83 टक्क्यांवर गेले. त्याआधीच्या मोजणीत हेच आकडे बरेच वरचे होते. म्हणजे लस कमकुवत होत चालल्याची खूण 2013 मध्येच दिसत होती, आणि लस थांबली 2022 मध्ये. मधल्या नऊ वर्षांत नवी लस तयार व्हायला हवी होती. लस एकदा केली की झाले, असे नसते. प्रत्येक तुकडीची ताकद मोजावी लागते, पेशी आणि तंत्र काळाबरोबर बदलावे लागते आणि यावर सतत पैसा घालावा लागतो.

तो का घातला गेला नाही, याचे उत्तर अवघड नाही. देशात दरवर्षी या रोगाचे साधारण 400 ते 500 रुग्ण आढळतात आणि शंभरातील तीन ते पाच दगावतात. रुग्ण सारे पश्चिम घाटाच्या कडेचे, लाकूडफाटा, काजू आणि गुरे यांवर जगणारे. एवढ्या थोड्या आणि एवढ्या गरीब गिऱ्हाइकांसाठी कोणती कंपनी आपणहून कारखाना उभारील? इबोलाचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या लसीने पुढे त्या रोगाला आळा घातला, तिचे माकडांवरील यशस्वी प्रयोग कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्येच प्रसिद्ध केले होते. पण ती दहा वर्षे पडून राहिली, कारण आफ्रिकेतील खेड्यांपलीकडे तिला बाजार नव्हता. 2014 मध्ये साथ भडकली, अकरा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि मगच 2015 मध्ये गिनीत रुग्णांच्या संपर्कातील लोकांना ती टोचून चाचणी झाली. लस चांगलीच निघाली.

उलट बाजूही आपल्याच देशात आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू माकडतापाच्याच कुळातला. कर्नाटकातील कोलार येथे सापडलेला त्याचा वाण राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिला, हैदराबादच्या भारत बायोटेकने तो वापरून लस बनवली आणि 2013 मध्ये ती बाजारात आली. करोनाच्या वेळी याच दोघांनी 2020 मध्ये लसीचे काम सुरू करून जानेवारी 2021 मध्ये परवानगी मिळवली. माकडताप ही काही करोनासारखी जगभराची साथ नाही, त्यामुळे वर्षभरात लस द्या, असे मी म्हणणार नाही. मात्र शास्त्र आपल्याकडे नव्हते, ही सबबही चालणार नाही. गोचीडजन्य मेंदूज्वरावर ऑस्ट्रियाने 1981 पासून देशभर लसीकरण केले आणि रुग्णसंख्या कितीतरी पटींनी खाली आणली. शत्रू तिथेही गोचीडच होता.

आता आयुर्विज्ञान संशोधन परिषद हैदराबादच्याच इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर नवी लस विकसित करीत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. हीदेखील निष्क्रिय विषाणूची, पण शरीराचा प्रतिसाद वाढवणारे द्रव्य मिसळलेली लस आहे. तिच्या बाबतीत महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी नुसते वाट पाहत बसू नये. या दोन्ही राज्यांनी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू यांच्यासह किती मात्रा दरवर्षी घेणार, हे आजच लेखी सांगावे. कंपनीला पाच-सात वर्षांच्या खरेदीची हमी मिळाली, तरच ही लस जुन्या लसीच्या वाटेने जाणार नाही. दुसरे असे की, मोठ्या चाचणीच्या गावांत सिंधुदुर्ग आणि सत्तरी असावीत. रुग्ण थोडे आणि विखुरलेले असल्याने चाचणीत लसीचा परिणाम रुग्णांच्या संख्येवर जोखणे अवघड जाते आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या मोजमापावर विसंबावे लागते. अशा वेळी नमुने सगळ्या बाधित पट्ट्यांतून गोळा होणे महत्त्वाचे आहे. आणि तुकडीगणिक ताकदीचे निकाल लोकांना पाहता येतील, असे ठेवावेत.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझ्या बागेत बोंडू वेचणारी एक बाई तापाने पडली. डोके फुटेल असे दुखत होते, अंग हलवता येत नव्हते. जवळच्या दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. चौथ्या दिवशी नाकातून रक्त आले, तेव्हा नमुना गेला आणि निकाल यायला आणखी दिवस लागले. ती बरी होऊन घरी आली आणि आठवड्याने पुन्हा ताप चढला, या वेळी बडबड आणि हातापायांना कंप. या रोगात काही जणांना अशी दुसरी फेरी येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ती वाचली, पण तो सगळा हंगाम आणि त्याबरोबर वर्षाची कमाई गेली. या रोगावर नेमके औषध नाही, सलाईन आणि देखरेख एवढेच हातात असते. तिने लस विचारली होती, आणि मी तिला ती बंद झाल्याचे सांगितले होते.

काजूबद्दल एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. 1983 चा सर्वांत मोठा उद्रेक दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात झाला; दीड हजारांवर रुग्ण आणि दीडशे मृत्यू. तिथे काजू लागवडीसाठी रान तोडले होते. आमच्याकडेही रान तोडून बागा होत आहेत आणि त्यात मीही आहे. म्हणून जंगलतोडीचा विषय मी इथे दुसऱ्यांवर ढकलत नाही. पण लागलेल्या बागा उद्या उपटल्या जाणार नाहीत आणि त्यांत राबणारी माणसे तिथेच राहणार आहेत.

शेवटी वेळेचा मुद्दा. दोन मात्रांमध्ये महिन्याचे अंतर धरले आणि दुसरीनंतर प्रतिकारशक्ती यायला आणखी थोडे दिवस धरले, तर पहिली मात्रा गणपतीनंतर लगेच, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्यायला हवी. तेव्हा भातकापणी सुरू व्हायची असते आणि माणसे घरी सापडतात. म्हणजे लसीला परवानगी मिळेल त्या वर्षी मागणी आणि पैसा पावसाळ्याआधी मंजूर असला पाहिजे. नाहीतर पेट्या जानेवारीत येतील, जेव्हा पहिले माकड रानात पडलेले असेल.

आपला,
एक काजू बागायतदार
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग