संतांना विनवणी: नगरच्या मित्रास पत्र

वसई

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लग्नाच्या तारखा, हॉल, पाहुण्यांची सोय हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तू जी एक ओळ लिहिलीस, तीच तुला सलते आहे हे कळलं. ‘पोरीला तिकडे आल्यावर संतांची प्रार्थना करावी लागेल का?’ तुमचं घर प्रोटेस्टंट, आणि पोरगी येणार वसईच्या कॅथलिक घरात, तेव्हा हा प्रश्न साहजिक आहे. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

आधी सरळ उत्तर. नाही. तिच्यावर अशी सक्ती कुणी करू शकत नाही. प्रोटेस्टंट सुधारकांच्या आक्षेपांनंतर आमच्या कॅथलिक चर्चने हा प्रश्न ट्रेंटच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, १५६३ च्या डिसेंबरात घेतला. संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगाचं आहे, असं तिथे ठरलं. त्याशिवाय तारण नाही, असं म्हटलेलं नाही. मात्र याला मूर्तिपूजा म्हणणाऱ्यांना परिषदेने चुकीचं ठरवलं, आणि मीही त्याच मताचा आहे.

तू तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं वचन लिहिलंस, देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. हे वचन मला शंभर टक्के मान्य आहे. पण तोच अध्याय सुरू कसा होतो ते बघ. पौल सांगतो, सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदली करा. एकाने दुसऱ्यासाठी देवाकडे मागितलं म्हणून ख्रिस्ताची जागा जात असती, तर पौलाने हे सांगितलं नसतं. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू मला मेसेज केलास, ‘आमच्यासाठी प्रार्थना कर.’ येशूला डावलून माझ्याकडे आलो, असं तुला तेव्हा वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता तू म्हणशील, तू जिवंत आहेस, संत मेलेले आहेत. खरी गाठ इथेच आहे. लूकच्या विसाव्या अध्यायात येशू अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल बोलताना म्हणतो की देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात चोवीस वडीलजन धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पालथे पडतात, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. म्हणजे पृथ्वीवरून वर गेलेलं मागणं स्वर्गात कुणाच्या तरी हाती आहे. ते ऐकतात ते स्वतःच्या ताकदीने नव्हे, ख्रिस्तात आहेत म्हणून. राजा शौल एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला तो मेलेल्या शमुवेलाकडून पुढचं भविष्य काढायला. नियमशास्त्राने मना केलं आहे ते हे. ‘माझ्यासाठी देवाला सांग’ हे मागणं त्यातलं नव्हे.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की तुमच्या बायबलमध्ये कुणी स्वर्गवासी संताला उद्देशून प्रार्थना केल्याचा दाखला नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो, पण ते पुस्तक तुम्ही मानत नाही, आणि तिथेही यिर्मयाला कुणी विनवत नाही. प्रथा मात्र फार जुनी आहे. रोममध्ये सान सेबास्तियानोच्या भुयारी दफनभूमीत छळाच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी भिंतीवर खरडून ठेवलंय, पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी विनंती करा. हा व्हिक्टर कोण, त्याला काय झालं होतं, काही कळत नाही. मला ते अक्षर धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांहून जवळचं वाटतं.

तुझी भीती जिथे खरी आहे ते आता लिहितो. बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत गेलास, तर स्टॉलवर मेणाचे पाय, हात, घरं, बाळं मांडलेली दिसतील. गुडघा दुखणारी म्हातारी मेणाचा पाय घेते, आणि तो मरियेपुढे ठेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्या पाण्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण ‘एवढं काम कर, मग तुला हे वाहीन’ असा सौदा मांडला की ती प्रार्थना राहत नाही, मग समोर संत असो वा स्वतः येशू. हरवलेल्या वस्तूंपुरता संत अंतोनी आणि परीक्षेपुरता आणखी कुणी, असं करून आमच्याच लोकांनी संतांना लहान केलंय. यावर आमच्या घरातही मी वाद घालतो.

संत म्हणजे काय ते आमच्या गोन्सालो गार्सियाकडे बघून कळतं. याच वसईत जन्मलेला माणूस, जपानात व्यापारी होता, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषा झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं. त्याला ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणताना मला ख्रिस्ताचा विसर पडत नाही. तो कुणासाठी मेला हेच आठवतं. तुमच्या नगरचे नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचे. त्यांच्या भजनांत ख्रिस्त कुठे उणा पडला?

आता पोरीचं. घरात संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, होते, तिने शेजारी बसून मनातल्या मनात येशूशी बोललं तरी कुणी काही म्हणणार नाही. मिस्साच्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला पापांगीकाराच्या प्रार्थनेत आम्ही मरिया, देवदूत, संत आणि शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींना एकाच दमात आपल्यासाठी विनंती करायला सांगतो. तिथे ती अडखळेल, तर गप्प राहू दे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारातली संतांची सहभागिता तर तीही लहानपणापासून म्हणत आली आहे. तिने कॅथलिक व्हायची अट नाही. मिश्र विवाहाला बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून शक्य ते करीन, असं वचन नवऱ्या मुलाला द्यावं लागतं. मला विचारशील तर संतांपेक्षा यावर आधी बोलायला हवं, दोघांना समोर बसवून, लग्नपत्रिका छापायच्या आत. फादरांशी मी बोलून ठेवतो. तू कुठल्या आठवड्यात येतोस ते कळव, आणि येताना तुमच्या पाळकसाहेबांनाही घेऊन ये.

आईंना आणि वहिनींना नमस्कार.

तुझाच,
वसईकर मित्र