रविवारी कसुती : येताना काय आणायचं

मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारी ३ वाजता सात रस्त्याजवळच्या नेहमीच्या हॉलमध्ये कसुती शिकायची आहे. धारवाडकडचं हे जुनं भरतकाम इरकल साड्यांवर पाहिलं असेलच : गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. या वेळी त्यातला फक्त ‘गवंती’ हा टाका शिकायचा. धावदोऱ्याने पुढे जायचं, सुटलेल्या जागा भरत मागे यायचं. उलट-सुलट दोन्हीकडे नक्षी सारखीच. १६व्या शतकात इंग्लंडमध्ये काळ्या रेशमाने हाच टाका घालायचे, बरं का!

- मॅटीचं (धागे मोजता येतात असं) कापड, बोथट सुई, रिंग, दोन रंगांचे दोरे
- ज्यांना लागतो त्यांनी चष्मा (लागतोच!)

छापे, ट्रेसिंग आणू नका, धागे मोजूनच भरायचं. गाठ अजिबात चालणार नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.